सिक्युरिटीचा मुक्काम

सर पँटीला सायकलच्या क्लिपा लावून शाळेत यायचे, पण त्यांच्याकडे सायकल नव्हती. होती ती मी शाळेत लागण्याआधीच विकली होती. क्लिपा तेवढ्या राहिल्या. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले, तेव्हा पुस्तकातून मान वर न करता ते म्हणाले, "बाई, सायकल गेली तरी पँट तीच आहे. पायात येते."

शाळा भिगवणच्या पुढं, हायवेपासून दोन किलोमीटर आत होती. दोन खोल्या विटांच्या, चार पत्र्याच्या. मागं उजनीचं पाणी. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की गाळाचा वास थेट वर्गात यायचा. विनाअनुदानित शाळा होती ती. म्हणजे सरकार पगार देत नव्हतं, आणि संस्था जे द्यायची ते सांगण्यासारखं नव्हतं. आम्ही नऊ जण तिथं शिकवत होतो ते एकाच आशेवर, की आज ना उद्या शाळेला अनुदान मिळेल आणि आपण कायम होऊ. मी विज्ञान शिकवायचे, सर इंग्रजी. मी इंदापूरहून यायचे. ते वडगाव निंबाळकरहून, दोन एसट्या बदलून, हायवेपासून चालत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, आणि बारा महिने छत्री. इंग्रजीत एम.ए. झालेला तेवढा एकच माणूस त्या पंचक्रोशीत असावा.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ते एक इंग्रजी शब्द लिहायचे, त्याला चौकट करायचे, आणि तो आठवडाभर कुणी पुसायचा नाही. "पाहुणा आहे," म्हणायचे, "त्याचा आठ दिवस मुक्काम आहे. त्याला घर दाखवा, गाव दाखवा." एकदा 'बँक' हा शब्द होता. पोरांनी सांगितलं, पैसे ठेवायची जागा. सरांनी सगळा वर्ग उठवला आणि मागं पाण्याच्या काठावर नेऊन उभा केला. "ही पण बँकच. हिच्यात काय ठेवता?" एक मुलगी म्हणाली, "म्हशी." सर इतके खूश झाले की शाळा सुटेपर्यंत ज्याला त्याला ते उत्तर सांगत होते.

पाट्या दुरुस्त करायचंही वेड होतं. भिगवणला एका हॉटेलवाल्यानं इंग्रजीत मासळीची पाटी लावली होती आणि 'फ्राइड'मधली दोन अक्षरं उलटी पडून 'फायर्ड फिश' झालं होतं. सर आत गेले. "मालक, तुम्ही ह्या माशाला नोकरीवरून काढलंय." मालकाला काही कळेना. सरांनी त्याला बसवून दोन्ही शब्द समजावले. त्यानं चहा पाजला, पाटी तशीच ठेवली. त्यानंतर सर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायला लागले. चुकीची पाटी रोज बघवत नाही म्हणाले.

मी त्यांना गोड माणूस करून सांगत नाही. ते त्रासदायक होते. समोरचा बोलत असताना मधेच अडवून शब्द दुरुस्त करायचे. एसटीत त्यांच्या शेजारची जागा रिकामी असली तरी आम्ही उभे राहायचो. आणि ते कधीच आमच्यात जेवायला बसले नाहीत. आपला डबा घेऊन ते बाहेर लिंबाखाली जायचे. मला वाटायचं, हासुद्धा त्यांचा एक चक्रमपणाच. पुढं शिपायानं सांगितलं. मी येण्याआधी, ते नवीन होते तेव्हा, एकदा सगळ्यांत बसले होते, आणि हेडसरांनी आपला डबा उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेला होता. तोंडानं काही बोलले नव्हते. उन्हं आली म्हणून सरकलो, असं म्हणायला जागा ठेवली होती. सर बौद्ध होते, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचा उच्चार कुणी करत नव्हतं. कळल्यावर मी तरी त्यांना आत बोलवायचं. नाही बोलावलं.

एके दिवशी नववीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, माझ्या दादाला बारामतीला एमआयडीसीत नोकरी लागली. सिक्युरिटीत. म्हंजी काय?"

वर्ग हसला. सगळ्यांना माहीत होतं, वॉचमन. सर हसले नाहीत. म्हणाले, "वॉचमन म्हणजे वॉचमन. सिक्युरिटी म्हणजे काय, ते बघायला लागंल." त्यांनी तो शब्द कोपऱ्यात लिहिला, चौकट केली. इतर शब्द आठ दिवसांत गेले, हा शब्द वार्षिक परीक्षेपर्यंत राहिला.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, हा शब्द मूळचा लॅटिन. 'से' म्हणजे शिवाय, 'कुरा' म्हणजे काळजी. काळजीवाचून असणं, बिनघोर असणं, ही सिक्युरिटी. दुसऱ्या दिवशी स्वतःचं गुणपत्रक आणून दाखवलं, की 'सिक्युअर्ड सेकंड क्लास' म्हणजे मिळवला, पदरात पाडून घेतला. मग ते भिगवणला जाऊन बँकेच्या मॅनेजरला भेटले आणि 'तारण' हा अर्थ घेऊन आले. वर्गात म्हणाले, "कर्ज देणाऱ्याची काळजी जावी म्हणून घेणाऱ्यानं आपली वस्तू त्याच्याकडं ठेवायची. बघा बरं. काळजी जाते एकाची आणि वस्तू जाते दुसऱ्याची." त्या वर्षी पेपरात रोख्यांच्या घोटाळ्याच्या बातम्या रोज येत होत्या. रोख्यांनाही इंग्रजीत हाच शब्द आहे कळल्यावर सरांनी कात्रणं भिंतीला चिकटवली. "ज्यात इतक्या लोकांची झोप उडाली त्याचं नाव बिनघोर!"

त्याच हिवाळ्यात इंदापूरला कुणी मंत्री येणार होते. आसपासच्या शाळांतली मुलं रस्त्याच्या कडेला उभी केली होती, आम्हीही नेली होती. एका हवालदारानं सरांची छत्री काढून घेतली.

"सिक्युरिटीचं कारण हाय," हवालदार म्हणाला.

सरांचा चेहरा उजळला. "कुणाच्या सिक्युरिटीचं?"

"मागं सरा वो मास्तर."

"सरतो. पण कुणाच्या ते सांगा. माझ्या, तुमच्या, का त्यांच्या?"

हवालदारानं त्यांच्या छातीला हात लावून ढकललं. सर मुलींच्या रांगेत जाऊन पडता पडता वाचले. आम्ही सगळे दुसरीकडं बघत होतो. दुसऱ्या दिवशी ते ठाण्यात गेले, दोन तास बसले, छत्री सोडवून आणली, आणि वर्गात तो प्रसंग जसाच्या तसा सांगून त्यातलं व्याकरण शिकवलं.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी जात होतं. मग त्यांनी मुलांना घरचा अभ्यास दिला. आईला विचारून या, ती बिनघोर कधी असते? दुसऱ्या दिवशी उत्तरं आली. पोती घरात आल्यावर. पोरगी नांदायला गेल्यावर. लाईट आल्यावर. एक मुलगी उभी राहिली आणि पाठ म्हटल्यासारखी म्हणाली, "माझी आई म्हंती, बाप बाहेरगावी गेल्यावर."

मी शेजारच्या वर्गात होते. मधे पत्राच होता, सगळं ऐकू यायचं.  मग खडूचा आवाज आला. सरांनी ते वाक्य इंग्रजीत करून फळ्यावर लिहिलं होतं, मुलीचं नाव न घालता. पण गावात ओळखायला नाव लागत नाही. तिसऱ्या दिवशी तो बाप चेअरमनच्या ओसरीवर जाऊन बसला.

चेअरमनना सगळे अण्णा म्हणत. संस्था त्यांची, जागा त्यांची, आणि आम्हीही. ते शाळेत आले, फळ्याकडं बघितलं आणि सर्वांसमोर म्हणाले, "मास्तर, विंग्रजी शिकवा. लोकांची घरं फोडू नका."

"मी अर्थ शिकवतोय, अण्णा."

"आम्हाला कळतो अर्थ."

सर म्हणाले, "मग बरं झालं. आमच्या नोकरीच्या सिक्युरिटीचा अर्थ एकदा सांगा. मुलं विचारतात."

अण्णा हसले. आम्ही बाकीचे आठ जण तिथंच होतो, आणि अण्णा हसल्यावर आम्हीही हसलो.

ते गेल्यावर स्टाफरूममध्ये सरांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही रुजू झालात त्या दिवशी कोऱ्या कागदावर सही दिलीत ना?"

दिली होती. सगळ्यांनीच दिली होती. क्लार्कनं सांगितलं होतं, संस्थेचा रिवाज आहे. अण्णांच्या कपाटात आमचे नऊ कागद होते, खाली सही, वर कोरे. कशासाठी, हे कुणी विचारलं नव्हतं.

"त्याला इंग्रजीत सिक्युरिटी म्हणतात," सर म्हणाले. "अण्णा बिनघोर झोपावेत म्हणून आपण ठेवलेली."

संध्याकाळपर्यंत हे वाक्य अण्णांच्या कानावर गेलं होतं. ते पोचवणारी मी नव्हते. एवढं एक मी केलं नाही.

दोन वर्षांनी शाळेला अनुदान मंजूर झालं. पेढे वाटले. कुणाकुणाला कायम करायचं त्याचे प्रस्ताव शिक्षण खात्याकडं जाणार होते. इंग्रजीची जागा एकच होती आणि अण्णांची धाकटी सून त्याच वर्षी इंग्रजी घेऊन बी.एड. झाली होती. आम्ही हिशेब न मांडता समजलो. समजूनही सरांना कुणी काही बोललं नाही. ते पेढा खाऊन वर्गावर गेले.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी निकाल लावून सर घरी गेल्यावर हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. अण्णा खुर्चीत होते. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. इंग्रजीत राजीनामा, खाली सरांची सही. सही आठ वर्षांपूर्वीची, वरची शाई त्या दिवशीची. कडेला दोन साक्षीदारांसाठी जागा होती, 'आमच्यासमक्ष सही केली' असं लिहिलेली. एका जागेवर हेडसरांची सही झाली होती.

अण्णा म्हणाले, "बाई, तुमचा प्रस्ताव सोमवारी पुण्याला जातोय. विज्ञानाला दोन अर्ज आलेत, पण मी म्हणलं, आपली बाई हाय ती हाय."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. खिशातून पेन काढून टोपण उघडून माझ्यापुढं धरलं. मला आठवतंय, पंखा बंद होता आणि मला सासूचा विचार आला. माझ्या धाकट्या मुलीच्या बाळंतपणात मी शाळा सोडली नाही म्हणून ती वर्षभर टोचून बोलत होती, 'फुकटची शाळा' म्हणून. मी सही केली. पेन परत दिलं. 'येते' म्हणाले. अण्णा म्हणाले, "या."

जूनमध्ये पहिल्या दिवशी सर नेहमीसारखे आले. क्लिपा, छत्री, बगलेत डिक्शनरी. हजेरीच्या मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. क्लार्कनं त्यांच्यापुढं राजीनाम्याची प्रत ठेवली. आम्ही सगळे स्टाफरूममध्येच होतो. मला वाटलं आता ओरडतील, टेबल उलथतील. सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि उभ्यानंच तो कागद तपासला, वहीसारखा.

"तीन चुका आहेत," ते म्हणाले. "'आय ॲम रिझाइन.' असं मी मेलो तरी लिहिणार नाही. हा माझा राजीनामा नाही. हा बघा, ह्यावरूनच कळतं."

हेडसर म्हणाले, "सही तुमची आहे."

"सही माझी आहे. इंग्रजी माझं नाही."

कुणीतरी हसलं. मग त्यांची नजर कडेला गेली. साक्षीदारांच्या सह्या त्यांनी वाचल्या. वर बघून त्यांनी मला शोधलं आणि नेहमीच्या तपासणीच्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमची सही मात्र बिनचूक आहे."

लाल पेनाला टोपण लावून ते निघाले. त्यांच्या तासाला मला पाठवलं. दहावीची मुलं विचारत होती, सर कुठं हायेत? मी म्हटलं, प्रकाशाचं परावर्तन काढा.

त्यांनी पुण्याला दावा लावला. दिवाळीच्या सुट्टीत, भर दुपारी, ते इंदापूरला माझ्या घरी आले. घर विचारत विचारत आले असावेत, बुटांवर धूळ होती. माझे यजमान घरात होते. मी पाणी दिलं. चहा ठेवू का विचारलं, तर नको म्हणाले.

"बाई, तुम्ही काही अण्णांविरुद्ध बोलू नका," ते म्हणाले. "एवढंच सांगा, की मी सही करताना तुम्ही पाहिलं नाही. एक वाक्य. मराठीत चालतं."

यजमान आतून म्हणाले, "तिची नोकरी आत्ताच पक्की झालीय, मास्तर."

"म्हणूनच आलो," सर म्हणाले. "आता त्यांना काढता येणार नाही. आधी आलो असतो तर मागणं बरोबर नव्हतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी माझ्या कायम होण्याची वाट बघितली होती. मी म्हणाले, "विचार करते." ते म्हणाले, "तारीख कळवतो." पोस्टकार्ड आलं. स्वच्छ अक्षरात तारीख, वेळ, आणि स्वारगेटहून कुठली बस घ्यायची ते. मी ते फडताळात कपड्यांखाली ठेवलं. त्या तारखेला मी शाळेत गेले आणि पूर्ण दिवस शिकवलं.

दावा गेला. नेमणूकच वर्षावर्षाची, त्यात राजीनामा, त्यात दोन साक्षीदार. त्या साक्षीदारांना कुणी खोडून काढलं नाही. मी तर नाहीच.

अण्णांची सून वर्गात गाइड वाचून दाखवायची. वाईट नव्हती बिचारी. मला ताई म्हणायची. दुपारी आम्ही सगळे एका टेबलावर जेवायचो.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी मी दहावीच्या मुलींना घेऊन बारामतीला एमआयडीसीतला एक कारखाना दाखवायला गेले. बसमधून उतरून आम्ही गेटशी उभ्या राहिलो. केबिनमधून निळ्या कपड्यातला गार्ड बाहेर आला, टाच जुळवून त्यानं सलाम केला. टोपीमुळं मला आधी कळलं नाही. वही घ्यायला तो वळला, तर पाठीवर पिवळ्या अक्षरात इंग्रजीत सिक्युरिटी लिहिलेलं. ते परत वळले आणि मला चेहरा दिसला.

"सर," मी म्हणाले.

"इथं सर म्हणू नका, बाई. इथं सर आत असतात. किती विद्यार्थिनी?"

"सत्तेचाळीस."

त्यांनी बोट दाखवत एकेक मोजली. सत्तेचाळीसच भरल्या. मुली त्यांना ओळखत नव्हत्या. ते गेले तेव्हा त्या प्राथमिक शाळेत होत्या. आतून परवानगीचा फोन यायचा होता, तोवर आम्हाला थांबावं लागलं. मुली सावलीला गेल्या. आम्ही दोघं गेटपाशी राहिलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "घरी कसे आहेत सगळे?"

"बरे आहेत. पोरं शिकतात. आबा आहेत अजून." आबा म्हणजे त्यांचे वडील. मग ते स्वतःहून सांगायला लागले, रस्त्याकडं बघत. "माझा आजा गावचा येसकर होता. वेस राखायचा. गाव बिनघोर आत झोपायचं आणि आजा वेशीबाहेर काठी घेऊन. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर आबांनी ते काम सोडलं. गावानं खूप त्रास दिला, विहीर बंद केली, मजुरी बंद केली. पण परत काठी धरली नाही त्यांनी. मला शिकवलं ते एवढ्यासाठी." त्यांनी शर्टाची बाही चिमटीत धरली. "हे कपडे घरी नेत नाही. इथंच केबिनमध्ये बदलतो. आबांना सांगितलंय, ऑफिसात आहे."

"त्यांना माहीत नाही?"

"माहीत हाय. विचारत न्हाईत. म्हणून मी पण सांगत न्हाई."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून त्यांच्या घराविषयी मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. सात वर्षं एका खोलीत बसलो होतो आम्ही.  मुली लांब होत्या. मी म्हणाले, "सर, माझं चुकलं."

माणसं अशा वेळी काय म्हणतात ते आपल्याला पाठ असतं. असू द्या. झालं ते झालं. तुमचा तरी काय इलाज होता. मी त्यातलं काहीतरी ऐकायला तयार होऊन उभी होते. आज कबूल करते, मी माफी मागत नव्हते. मला ते ऐकायचं होतं.

सरांनी माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही.

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं."

मी थांबले. पुढं 'पण' येईल म्हणून थांबले.  केबिनमधला फोन वाजला. ते आत गेले, 'येस सर, येस सर' म्हणाले, आणि बाहेर येऊन त्यांनी दोन्ही हातांनी ते जड गेट ओढलं. मुली दोघी-दोघींनी आत गेल्या. सगळ्यांत शेवटी मी.